हद्द आखताना विचारा तरी

जनरल हेन्री हॅवलॉक हे नाव १८५७चा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाला ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून जुलै महिन्यात तो कानपुरात शिरला, सप्टेंबरात लखनौच्या रेसिडेन्सीपर्यंत पोचला आणि नोव्हेंबरात लखनौतच आमांशाने मेला. इंग्लंडात तो राष्ट्रवीर ठरला. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्याचा पुतळा उभा राहिला, अंदमानातल्या एका बेटाला त्याचं नाव मिळालं. त्या बेटाचं नाव २०१८च्या डिसेंबरात बदलून स्वराज द्वीप झालं. पण त्याच हॅवलॉकच्या नावाचा आणखी एक भूभाग कॅनडाच्या पूर्व टोकाला आहे. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या किंग्ज काउंटीच्या ईशान्य कोपऱ्यात, १८५८ साली, स्टडहोम नावाच्या पॅरिशचा, म्हणजे काउंटीच्या एका प्रशासकीय विभागाचा, एक तुकडा काढून हॅवलॉक पॅरिश तयार झाली. तिचं नाव अजून तेच आहे.

तिथल्या शेतकऱ्यांनी कानपूर पाहिलं नव्हतं. ते राहत होते त्या डोंगरसोंडेला बटरनट रिज म्हणत. बटरनट म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. चुनखडीच्या जमिनीत ते चांगलं वाढतं आणि हॅवलॉकच्या खाली चुनखडीच आहे. तिथे आजही चुन्याच्या खाणी आहेत. खडक, त्यावरची माती, त्या मातीत उगवलेलं झाड आणि झाडावरून पडलेलं गावाचं नाव, असा सरळ संबंध होता. राजधानीतून आलेल्या नावाला तसा काही आधार नव्हता, आणि हद्दीची रेषा तर खडकाकडे किंवा झाडाकडे न बघताच ओढलेली होती.

मला नावाबद्दल तक्रार करायची नाही. नावं रुळतात. माझा मुद्दा त्या रेषेबद्दल आहे. न्यू ब्रन्सविकमध्ये अडीचशे वर्षांत ग्रामीण भागाच्या हद्दी पुन्हा पुन्हा आखल्या गेल्या, रिकाम्या केल्या गेल्या, एकमेकींत मिसळल्या गेल्या. त्यातले बरेचसे निर्णय चांगल्या हेतूने झाले, काही तर फार चांगले होते. पण रेषेच्या आत राहणाऱ्याला ‘तुला कोणाबरोबर राहायचंय?’ हा प्रश्न कायद्याने बांधील होईल अशा रीतीने क्वचितच विचारला गेला. स्थानिक संस्थांच्या २०२३च्या मोठ्या फेररचनेतही तो विचारायचा राहिला. तो विचारला पाहिजे आणि तो विचारण्यासाठी पॅरिश हे एकक हाताशी तयार आहे, असं माझं ठाम मत आहे.

पॅरिश म्हटलं की चर्च आठवतं. न्यू ब्रन्सविकमध्येही मूळ कल्पना इंग्लंडच्या चर्चव्यवस्थेतून आली, पण ही पॅरिश धार्मिक नाही. काउंटीचा तो प्रशासकीय विभाग आहे. प्रांतात पंधरा काउंट्या आणि सुमारे दीडशे पॅरिश आहेत. जमिनीच्या खरेदीखतात आजही मालमत्तेची ओळख ‘अमुक पॅरिश, तमुक काउंटी’ अशीच सांगितली जाते.

सुरुवात झाली ती १७८३मध्ये. अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची बाजू घेणारे आणि म्हणून देशोधडीला लागलेले सुमारे चौदा हजार लोक आजच्या न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यासाठी १७८४मध्ये नोव्हा स्कोशियापासून हा प्रांत वेगळा काढण्यात आला. थॉमस कार्लटन पहिला गव्हर्नर झाला. १७८५मध्ये आठ काउंट्या ठरल्या आणि १७८६च्या कायद्याने त्यांच्या पॅरिश पाडल्या गेल्या. किंग्ज काउंटीत तेव्हा चारच होत्या: वेस्टफील्ड, किंग्स्टन, स्प्रिंगफील्ड आणि ससेक्स. एकेक पॅरिश अवाढव्य, आतला बराचसा भाग घनदाट जंगल.

ही जमीन मोकळी नव्हती. सेंट जॉन नदीचं खोरं वॉलस्टोके लोकांचं, पूर्वेचा किनारा मिकमॅक लोकांचा. अठराव्या शतकात त्यांनी इंग्रजांशी जे करार केले ते शांततेचे आणि मैत्रीचे होते. त्यांत जमीन सोडून दिल्याचं कुठेही नाही. तरीही १७८६च्या कायद्यात नदीच्या तोंडापासून डोंगरापर्यंत सगळं काउंट्यांत वाटून टाकलेलं आहे. वॉलस्टोके राष्ट्राचा जमिनीवरच्या हक्काचा दावा आज न्यायालयात आहे. हद्द आखताना न विचारण्याची सवय प्रांताला पहिल्याच दिवशी लागली, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्या काळात मेजर गिलफ्रेड स्टडहोम हा फोर्ट हाउचा अधिकारी होता. निर्वासित यायला लागले तेव्हा, म्हणजे १७८३च्या उन्हाळ्यात, नदीकाठी आधीपासून कोण राहतं, किती जमीन साफ केली आहे, कोणाकडे कागद आहे, याची नोंद त्याच्या हुकमाने झाली. घरोघरची ती यादी आज इतिहासकारांना फार मोलाची वाटते. पण ती तयार झाली ती येणाऱ्यांना जागा कुठे देता येईल हे बघण्यासाठी. राहणाऱ्याला काय हवंय हे विचारण्यासाठी नव्हे. पुढे ससेक्समधून जी पॅरिश वेगळी निघाली तिला याच स्टडहोमचं नाव मिळालं आणि तिच्यातून हॅवलॉक निघाली.

आसपासच्या पॅरिशांचीही अशीच वंशावळ आहे. शेजारच्या आल्बर्ट काउंटीत होपवेलमधून १८३८मध्ये हार्वी आणि हार्वीमधून १८५५मध्ये आल्मा. आल्मा हे नाव आदल्या वर्षी झालेल्या क्रायमियन युद्धातल्या लढाईचं. एल्गिन पॅरिशला नाव मिळालं ते गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिनचं, जो पुढे भारताचा व्हाइसरॉय झाला आणि धरमशालेला वारला. शार्लट काउंटीतल्या डफरिन पॅरिशचा लॉर्ड डफरिनही कॅनडातून पुढे भारतातच व्हाइसरॉय म्हणून आला. काँग्रेसची स्थापना त्याच्याच कारकिर्दीतली. एकाच साम्राज्याचे अधिकारी दोन्हीकडे फिरत होते आणि त्यांची नावं दोन्हीकडच्या नकाशांवर पडत होती.

पॅरिश फुटत गेल्या त्याचं कारण साधं होतं. वस्ती आत आत सरकत गेली आणि कामासाठी मुख्य गावी जाणं लांब पडायला लागलं. त्या रेषा कायद्यात कशा लिहिल्या आहेत हे एकदा वाचण्यासारखं आहे. अमक्याला दिलेल्या जमिनीच्या अमुक कोपऱ्यापासून सुरुवात, तिथून चुंबकसुईच्या इतक्या अंशांवर सरळ, काउंटीच्या रेषेला भिडेपर्यंत, मग तिच्या बाजूने परत अमक्या ओढ्यापर्यंत. चुंबकीय उत्तर स्थिर नसतं, दर वर्षी थोडं थोडं सरकतं. म्हणून जुनी रेषा जमिनीवर शोधायची तर ती कोणत्या साली आखली हे आधी बघावं लागतं आणि त्या सालची सुई कुठे वळत होती याचा हिशेब करावा लागतो. ज्याच्या नावाच्या जमिनीचा कोपरा धरलेला असतो तो माणूस कधीच गेलेला असतो, त्याची वाडी जंगलाने परत घेतलेली असते, कायद्यात मात्र तो कोपरा अजून तसाच उभा असतो.

आणि ही रेषा नुसती कागदावरची नव्हती. एकोणिसाव्या शतकात पॅरिशवर सगळ्यात मोठी जबाबदारी होती ती गरिबांची. निराधार म्हातारा, विधवा, वेडसर माणूस, यांचा खर्च ज्या पॅरिशमध्ये त्यांचा ‘वास’ सिद्ध होईल तिने उचलायचा. त्यामुळे माणूस रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा यावर वाद झडत. खर्च कमी करायला किंग्ज काउंटीत, ससेक्सलासुद्धा, गरिबांचा लिलाव होई. वर्षभर या माणसाला सांभाळायला कोण सर्वांत कमी पैसे घेईल अशी बोली लागे आणि सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या घरी त्या माणसाची रवानगी होई. १८८०च्या दशकाच्या शेवटी यावर बाहेरून जोरदार टीका झाली, तेव्हा कुठे लोकांना लाज वाटायला लागली. पॅरिश होती तेव्हा सगळं कसं आपुलकीचं होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. छोटं एकक आपोआप दयाळू होत नाही. ज्याच्याकडे पैसा कमी आणि जबाबदारी जास्त, ते एकक क्रूरही होतं.

मात्र त्याच शतकात पॅरिशला एक चांगली गोष्टही मिळाली. १८७७च्या कायद्याने प्रत्येक काउंटीत निवडून आलेली परिषद सक्तीची झाली आणि परिषदेवर प्रतिनिधी पाठवायचे ते पॅरिशमधून. म्हणजे हॅवलॉकचा शेतकरी आपल्या पॅरिशचा माणूस काउंटीच्या सभेत पाठवू लागला. रस्ता का झाला नाही, कर का वाढला, हे ज्याला तोंडावर विचारता येईल असा कुणीतरी होता. हे जवळजवळ नव्वद वर्षं चाललं.

१ जानेवारी १९६७ला काउंटी परिषदा बरखास्त झाल्या. हा निर्णय लुई रोबिशो यांच्या सरकारचा. निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झालेले ते पहिले अकादियन, म्हणजे तिथल्या फ्रेंच भाषक समाजाचे. काउंट्यांचं उत्पन्न स्थानिक मालमत्ता करावर चाले. गरीब काउंटीत कराचा दर चढा आणि शाळा मात्र मोडकळीला आलेल्या, श्रीमंत काउंटीत याच्या उलट. गरीब काउंट्या बहुतांशी फ्रेंच भाषकांच्या. बर्न आयोगाने १९६३मध्ये हे सगळं मांडलं आणि रोबिशो यांनी शाळा, आरोग्य, समाजकल्याण आणि न्यायव्यवस्था काउंट्यांकडून काढून थेट प्रांताकडे घेतली. ‘समान संधी’ असं त्या कार्यक्रमाचं नाव होतं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या कॅनडातल्या सर्वांत न्याय्य सुधारणांपैकी ती एक आहे. गरिबाचा लिलाव करणारी व्यवस्था ज्या मुळावर उभी होती, ते मूळच तिने उपटलं.

पण शाळा आणि दवाखाने प्रांताकडे गेले म्हणून गावचं मत जायला हवं होतं असं नाही. ते गेलं. शहरं आणि मोठी गावं यांच्या नगरपालिका राहिल्या, बाकीच्या ग्रामीण भागासाठी ‘स्थानिक सेवा जिल्हे’ निघाले. यांतले पुष्कळसे जुन्या पॅरिशच्याच हद्दीत होते. आग विझवणं, रस्त्यावरचे दिवे, कचरा, अशा मोजक्या सेवा. कराचा दर प्रांताच्या खात्याने ठरवायचा, खर्चाचा निर्णय मंत्र्याकडे. गावकऱ्यांची समिती असली तरी फक्त सल्ला देणारी, आणि कित्येक ठिकाणी तीही नसे. २०२१मध्ये प्रांताची लोकसंख्या ७,७५,६१० होती. त्यांतले सुमारे तीस टक्के लोक अशा भागांत राहत होते. स्थानिक परिषद नाही, महापौर नाही, मत नाही, कर मात्र आहे. लोकशाही देशात ही स्थिती पन्नासहून अधिक वर्षं राहते याचं मला वाईट वाटतं. ती कोणाला फारशी खटकली नाही याचं जास्त.

याच्या आधी, काउंटी परिषदा असतानाच, आणखी एक गोष्ट झाली होती. आल्मा पॅरिशच्या मोठ्या भागावर १९४८मध्ये फंडी राष्ट्रीय उद्यान झालं, सुमारे २०६ चौरस किलोमीटरचं. पॉइंट वुल्फसारख्या वस्त्या गेल्या. आज पर्यटक लाल रंगाचा झाकलेला पूल बघायला जातात, तिथे लाकडाची गिरणी होती, घरं होती. पन्नाशीच्या दशकात क्वीन्स काउंटीत आणि आसपास गेजटाउनचा लष्करी तळ उभारला गेला, जवळपास ११०० चौरस किलोमीटरचा. पीटर्सव्हिल पॅरिशचा बराच भाग त्यात गेला. शेकडो कुटुंबं उठवली गेली, शाळा आणि चर्चं पाडली गेली. जे उठले त्यांचे वंशज आजही तिथल्या दफनभूमीत आजोबांच्या थडग्यावर फुलं ठेवायची तर लष्कराची परवानगी घेऊन जातात. आल्मा काय किंवा पीटर्सव्हिल काय, पॅरिशची रेषा जागची हलली नाही. आतली माणसं हलली. निवडून आलेली काउंटी परिषद होती, तरी हे टळलं नाही. केंद्र सरकारला हवी ती जमीन मिळालीच. पण विरोध नोंदवायला, मोबदल्यावर भांडायला, निदान एक अधिकृत तोंड होतं. १९६७नंतर तेही राहिलं नाही.

हद्दीच्या निर्णयाने काय होतं याचं टोकाचं उदाहरण हवं असेल तर मॅडावास्का बघावं. सेंट जॉन नदीच्या वरच्या भागात दोन्ही काठांवर फ्रेंच भाषक शेतकरी होते, एकमेकांचे सोयरे. न्यू ब्रन्सविकने १८३३मध्ये तिथे मॅडावास्का पॅरिश केली. अमेरिकेचा त्याच जमिनीवर दावा होता. १८३९च्या हिवाळ्यात युद्धाची वेळ आली. अमेरिकेचा जनरल विनफील्ड स्कॉट आणि प्रांताचा गव्हर्नर जॉन हार्वी, ज्याच्या नावाची पॅरिश वर आली तोच, यांच्या समजुतीने गोळी सुटली नाही. मग १८४२च्या वेबस्टर-ॲशबर्टन कराराने नदीचं पात्रच सीमा ठरलं. दक्षिण काठ अमेरिकेच्या मेन राज्यात, उत्तर काठ न्यू ब्रन्सविकमध्ये. दोन साम्राज्यांनी शहाणपणा दाखवला, रक्तपात टळला, हे मोठंच काम झालं. काठावरच्या लोकांना मात्र एका सकाळी कळलं की समोर राहणारा भाऊ आता परदेशात आहे. १८४२मध्ये असंच होत असे असं म्हणता येईल. पण एकविसाव्या शतकातल्या प्रांताने तरी स्वतःला तेवढ्यावर सोडू नये.

आता १ जानेवारी २०२३. त्याआधी प्रांतात ३४० छोट्यामोठ्या स्थानिक संस्था होत्या: १०४ निवडून आलेल्या आणि २३६ सेवा जिल्हे. त्यांच्या ८९ झाल्या: ७७ नगरपालिका आणि १२ ग्रामीण जिल्हे. सुधारणा बऱ्याच दिवसांपासून रखडली होती. २००८मध्ये झां-गी फिन यांच्या अहवालाने संपूर्ण प्रांतात ५३ नगरपालिका कराव्यात असं सुचवलं होतं, ते कोणी हाती घेतलं नाही. सरकारच्या २०२१च्या श्वेतपत्रिकेने सुधारणा अखेर मार्गी लावली. नोव्हेंबर २०२२मध्ये निवडणुका झाल्या आणि ग्रामीण भागातल्या हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्थानिक परिषदेसाठी मत दिलं. या सुधारणेच्या मी बाजूने आहे, मनापासून.

माझा आक्षेप पद्धतीला आहे. नव्या नगरपालिकांची नावं काय असावीत यासाठी लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. हद्दी मात्र श्वेतपत्रिकेबरोबर आल्या. नंतर काही ठिकाणी तक्रारींवरून रेषा इकडेतिकडे सरकल्या, पण मतदान झालं नाही. कित्येक पॅरिश दोन-तीन तुकड्यांत फुटून वेगवेगळ्या नगरपालिकांना जोडल्या गेल्या.

यावर सरकारपक्षाचं उत्तर आहे आणि ते उडवून लावण्याजोगं नाही. पूर्वी एकत्रीकरणाचे प्रस्ताव लोकमताला टाकले जात आणि बऱ्याचदा आपटत. नगरपालिका झाली की कर वाढणार, या एका भीतीपोटी लोक ‘नको’ म्हणत. म्हणजे लोकमत घेतलं असतं तर ग्रामीण भाग अजूनही बिनमताचाच राहिला असता. खरं आहे. पण यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. स्थानिक शासन असावं की नसावं, हा प्रश्न लोकमताला टाकू नये. शेजाऱ्याने कर भरलेल्या बर्फाच्या मैदानावर माझा मुलगा खेळणार आणि मी मात्र परिषदेबाहेर राहणार, ही निवड कोणालाच नसावी. दुसरा प्रश्न, हे शासन कोणाबरोबर चालवायचं, हा मात्र राहणाऱ्यांचाच आहे. मतपत्रिकेवर ‘होय’ आणि ‘नाही’ नसावं. ‘या बाजूची नगरपालिका की त्या बाजूची’ असं असावं. ‘कोणतीच नाही’ हा पर्याय नाही, म्हणून कराच्या भीतीने सगळं ठप्प होण्याचा प्रश्नच येत नाही.

हॅवलॉकसारख्या कोपऱ्यात हा प्रश्न किती खरा आहे बघा. पॅरिश किंग्ज काउंटीत, पण दोन बाजूंना क्वीन्स आणि वेस्टमोरलंड काउंट्या. एकोणिसाव्या शतकात इथे छोटी रेल्वे आली तिचं नावच एल्गिन, पेटिकोडियाक आणि हॅवलॉक रेल्वे होतं. एल्गिन आल्बर्ट काउंटीत, पेटिकोडियाक वेस्टमोरलंडमध्ये, हॅवलॉक किंग्जमध्ये. तीन काउंट्यांची तीन गावं, पण माल, टपाल, बाजार सगळं पेटिकोडियाकच्या मुख्य मार्गावर येणार. काउंटीचं मुख्य गाव हॅम्प्टन, ते दूर दुसऱ्या दिशेला. अशा ठिकाणच्या माणसाचा ओढा कुठे आहे, हे राजधानी फ्रेडरिक्टनमध्ये नकाशा समोर ठेवून पक्कं सांगता येत नाही. कदाचित रिजच्या एका उताराला एक उत्तर मिळेल, दुसऱ्या उताराला दुसरं. मिळू दे. विचारल्यावर मिळालेलं उत्तर गैरसोयीचं असलं तरी त्याच्यावर पुढे संस्था उभी राहते.

आणि विचारायचं तर कुठल्या गटाला? इथे पॅरिश कामाला येते. तिची हद्द कायद्यात लिहिलेली आहे, जमिनीच्या कागदांत आहे, आणि कितीतरी दशकांच्या जनगणनेचे आकडे तिच्यावर बसवलेले आहेत. ती आखताना कोणाला विचारलं नव्हतं हे खरं, पण नंतरच्या पिढ्यांनी तिच्यात शाळा बांधल्या, अग्निशमनाची स्वयंसेवक पथकं उभी केली, जत्रा भरवल्या. लादलेली रेषा वापरून वापरून लोकांची झाली. १८७७ ते १९६६ ती मतदानाचं एकक होतीच. नव्या नगरपालिकांतले प्रभाग जिथे जमेल तिथे पॅरिशच्या रेषेवर पाडावेत, म्हणजे परिषदेत हॅवलॉकचा म्हणून एक आवाज राहील. जनगणनेत पॅरिशनिहाय आकडे पुढेही द्यावेत. ग्रामीण भाग ओस पडतोय की सावरतोय हे जाणायचं तर शंभर वर्षांची सलग मालिका तोडून कसं चालेल? नव्या मोठ्या नगरपालिकेचा एकच आकडा दिला तर तिच्यातल्या वाढत्या गावामागे एखादी झिजत चाललेली वाडी दिसेनाशी होईल.

सगळ्यात तातडीची गोष्ट त्या बारा ग्रामीण जिल्ह्यांची. जिथे वस्ती अगदी विरळ, तिथे नगरपालिका न करता हे जिल्हे ठेवले आहेत. त्यांच्याकडे सल्लागार समिती आहे, निर्णय मंत्र्याच्या नावाने. म्हणजे १९६७ची त्रुटी आकसली, संपली नाही. आणि हे जिल्हे इतके पसरलेले की एकाच जिल्ह्यात कित्येक पॅरिशांचे तुकडे येतात, एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाचा माणूस ठाऊकही नसतो. इथे निदान प्रत्येक पॅरिशचा एक सदस्य मतदानाने निवडून द्यावा, समितीचा कराविषयीचा ठराव मंत्र्याला फेटाळायचा असेल तर त्याने लेखी कारण विधानसभेसमोर ठेवावं, आणि कोणत्याही पॅरिशच्या मतदारांनी ठरावीक संख्येने अर्ज केला तर शेजारच्या नगरपालिकेत जायचं की नाही यावर सहा महिन्यांत मतदान व्हावं. यातल्या एकाही गोष्टीला नवं खातं लागत नाही. सध्याच्या कायद्यात दुरुस्ती केली तरी पुरेल.